पाठवणीचा ट्रम्पेट

मी बँडवाल्यांचे कोट शिवते. लाल कापड, सोनेरी फीत, खांद्यावर झुपके. नाशकात हे काम करणारे आणखीही शिंपी आहेत, पण ते माणसाला सरळ उभं करतात आणि टेप लावतात. मी आधी म्हणते, श्वास घ्या, पोटापर्यंत घ्या, आणि धरून ठेवा. वाजवणाऱ्याची छाती वाजवताना फुगते. ते लक्षात न घेता शिवलेल्या कोटाचं बटण पहिल्याच वरातीत उडतं. हे मला कुठल्या क्लासात कोणी शिकवलं नाही. माझा नवरा ट्रम्पेट वाजवायचा आणि माझा भाऊ अजून वाजवतो, एवढंच.

बोलताना मी नवऱ्याला अहो-जाहो करते. इथे ‘तो’ लिहिते आहे, कारण मनातल्या मनात मी त्याला कधी अहो म्हटलेलं नाही.

त्याला त्याच्या चुलत्यांनी शिकवलं. ते जुन्या काळचे बँडमास्तर, स्वभावाने कडक. पहिलं वर्षभर त्यांनी त्याला ट्रम्पेटला हात लावू दिला नाही. नुसता माउथपीस हातात दिला, म्हणजे ओठाला लावायचा तो वाटीसारखा तुकडा, आणि सांगितलं, यातून सूर काढ. चुलत्यांचं म्हणणं असं की माउथपीस बोलला की ट्रम्पेट बोलणारच, पुढचं सगळं नुसतं पितळ. हे वाक्य माझ्या नवऱ्याने जन्मभर धरून ठेवलं. पुढे माझ्या भावाला शिकवतानाही त्याने तेच ऐकवलं.

लग्न होऊन मी पंचवटीत आले तेव्हा तो रोज सकाळी नदीकाठी जाऊन सराव करायचा. घरात वाजवलं तर चाळीतली भांडी फळीवरून खाली येतील अशी शेजाऱ्यांना भीती. पण नदीकाठीही अडचण होतीच. तिथे श्राद्धविधी चालायचे. एकदा एक गुरुजी हात जोडून त्याच्यासमोर आले आणि म्हणाले, “मास्तर, माझे यजमान पिंड ठेवतायत आणि तुम्ही मागे वरात काढताय. मेलेला माणूस गोंधळेल हो.” दुसऱ्या दिवसापासून तो गुरुजींच्या आधी उठून जायला लागला. सराव मात्र चुकवला नाही.

तिशीत त्याला पुढची जागा मिळाली. बँडमध्ये पुढची जागा म्हणजे पहिला ट्रम्पेट. गाणं तो उचलतो, बाकीचे त्याच्यामागून येतात. वरात चालते तेव्हा तो उलटा चालतो, तोंड घोड्याकडे आणि नाचणाऱ्यांकडे, पाठ रस्त्याकडे. खड्डा आला की मागचा माणूस कोट ओढून सांगतो. म्हणून पुढच्या माणसाच्या कोटाची मागची शिवण मी दुहेरी घालते. बाकीच्यांचा कोट लाल, त्याचा पांढरा. त्याला सगळे मास्तर म्हणतात, बँडचे मालकसुद्धा.

कोट ओढणारा मागचा माणूस म्हणजे माझा भाऊ. माहेर सायखेड्याचं. भाऊ दहावीनंतर आमच्याकडे आला तो राहिलाच. माझ्या नवऱ्याने त्याला हाताखाली घेतलं, ओठ तयार करून दिले आणि बँडमध्ये लावलं. दुसरा ट्रम्पेट. दुसऱ्याचं काम खालचे सूर धरायचे आणि पहिल्याने श्वास घेतला की ती फट भरून काढायची. लोकांना कळता कामा नये. भाऊ ते काम इतकं चोख करायचा की तो वाजवतो हे बऱ्याच लोकांना माहीतच नव्हतं.

आमच्या बँडची एक रीत आहे. नवरी निघते तेव्हा सगळी वाद्यं खाली होतात. ढोल बंद, झांज बंद. एकच ट्रम्पेट वाजतो, आणि तो पुढचाच माणूस वाजवतो. एक संथ चाल आहे, चुलत्यांनी बसवलेली. तिसऱ्या ओळीला ती वर चढते, खूप वर, आणि तिथे थांबते. त्या थांबण्यावर आमच्या बँडचं नाव होतं. लोक बुकिंगला आले की विचारायचे, पाठवणीला मास्तर स्वतः असतील ना. बाकी वरातभर काय वाजवलं हे कोणाच्या लक्षात राहत नाही.

नंतर धंद्याचं रूप बदललं. गंगापूर रोडला लॉन्स झाले, त्यांच्याबरोबर डीजे आला. गणपतीची मिरवणूक ढोलपथकांनी नेली. बँड सांगणारे उरले त्यांतल्या निम्म्यांना फोटोसाठी बँड हवा असतो. त्यांना गर्दी दिसली पाहिजे. वाजवणारे कमी आणि कोट जास्त, तेव्हा मालकाने सगळे बँड करतात तेच केलं. हातगाडीवाले, रंगकाम करणारे, कोणी भाचा-पुतण्या, अशांना कोट घालून हातात वाद्य द्यायचं. त्यांनी गाल फुगवायचे आणि पावलं टाकायची. यांना डमी म्हणतात. माझा नवरा त्यांना पुतळे म्हणायचा. टेम्पोत चढताना मालकाला विचारायचा, “आज किती पुतळे घेतलेत? एखादा चौकात बसवून येऊ, महापालिकेचा खर्च वाचेल.” पुतळेही हसायचे. रागावणार कशाला, त्यांना वाजवता येत नव्हतं हे खरंच होतं.

ट्रम्पेट वाजवणाऱ्याचं सगळं पुढच्या दातांवर असतं. ओठ दिसतात, पण ओठांना मागून टेकू दातांचा. माझ्या नवऱ्याला शुगर निघाली आणि हिरड्या सुटायला लागल्या. त्याने कोणाला सांगितलं नाही. माउथपीस मधोमध लावायचा तो जरा डावीकडे सरकवला. मग आणखी डावीकडे. पहिल्यांदा भावाच्या लक्षात आलं. तो मला म्हणाला, “ताई, दाजी तोंड वाकडं करून वाजवतात. वरचा सूर आला की मी जरा जोरात घेतो. पण पाठवणीला काय करू, तेव्हा तर एकटेच असतात.”

मी नवऱ्याला सरळ विचारलं. त्याने सरळ तोंड उघडून दाखवलं. वरचे पुढचे चार दात बोटाने हलत होते.

आषाढी एकादशी ते तुळशीचं लग्न हे आमच्या धंद्याचे रिकामे महिने. सगळ्या दुरुस्त्या तेव्हा होतात. ढोलांना कातड्याची नवी पानं चढतात, पितळ घासून निघतं, माझ्याकडे कोटांचे ढीग येतात. दातही तेव्हाच करायचे ठरले. गंगापूर रोडला एक डॉक्टरीणबाई होत्या, नीट बोलणाऱ्या. त्यांनी दात काढले, हिरड्या भरू दिल्या आणि कवळीचं माप घेतलं. त्यांनी त्याला स्पष्ट सांगितलं होतं की कवळी बसवायच्या दिवशी वाद्य घेऊन या, इथे वाजवून बघू. मी शेजारीच बसले होते, मी ऐकलं आहे.

तो माउथपीस खिशात घालून गेला. मी म्हटलं, अहो, ट्रम्पेट घ्या. तर म्हणाला, काचेच्या दवाखान्यात ट्रम्पेट घेऊन शिरलो तर लोकांना वाटेल डॉक्टरीणबाईंचं लग्न आहे. आणि लगेच चुलत्यांचं वाक्य, माउथपीस बोलला की ट्रम्पेट बोलणारच. त्यात तथ्य होतं. ओठांच्या बाबतीत ते वाक्य खरंच होतं, आणि चुलत्यांना कवळी कधी लागली नाही, सगळे दात घेऊन गेले. खुर्चीत बसून त्याने माउथपीस ओठाला लावला आणि स्वच्छ सूर काढला. बाहेर बाकावर बसलेली पोरं हसली. डॉक्टरीणबाईंनी आणखी एकदा विचारलं, वाद्यासकट बघायचं का. तो म्हणाला, गरज नाही.

घरी येऊन त्याने पलंगावर बसून ट्रम्पेट लावला. खालचे सूर आले, मधले आले. वरचे जरा फाटले तर म्हणाला, नवीन चप्पल आहे, चावणारच. बसून वाजवणं वेगळं आणि उलटं चालत, घोड्यापुढे, धुळीत, ट्रम्पेटचा सगळा भार ओठावर दाबून वाजवणं वेगळं, हे त्याच्यापेक्षा जास्त कोणाला माहीत होतं? पण तीस वर्षं बसून वाजलेलं चालून वाजलंच होतं. तो फरक मोजायची त्याला कधी वेळच आली नव्हती.

तुळशीच्या लग्नानंतर पहिलं काम सायखेड्याचं निघालं. नवरी माझ्या माहेरच्या शेजारची, मी माहेरी गेले की माझ्या अंगाखांद्यावर खेळलेली. म्हणून मी पाहुणी म्हणून गेले, एरवी मी वरातीत नसते.

दुपारी नवरदेव मारुतीला निघाला. माझा नवरा पांढऱ्या कोटात पुढे, उलटा चालत. पहिली दोन गाणी ठीक गेली. तिसऱ्यात तो वर चढायला गेला आणि कापड टर्रकन फाटावं तसा आवाज आला. पुढचा ठेका पडायच्या आत भावाने मागून गाणं उचललं. नाचणारे नाचत राहिले, घोडा चालत राहिला. माझ्या नवऱ्याने ट्रम्पेट ओठावरून काढला नाही. त्याची बोटं पिस्टनवर चालत होती, गाल फुगत होते, आणि आवाज त्याच्या मागून येत होता. मारुतीपर्यंत तसंच चाललं. गावाला काही कळलं नाही. मला कळलं, बँडला कळलं.

जेवणाच्या पंगती उठेपर्यंत तो टेम्पोमागे बसून होता. मी पाणी नेऊन दिलं. पाठवणी अजून व्हायची होती.

उन्हं उतरली तेव्हा नवरी निघाली. वाद्यं खाली झाली. भाऊ त्याच्या खांद्याशी येऊन हळूच म्हणाला, “दाजी, मी घेतो.” त्याने मान हलवली, नको म्हणून. मग तो मांडवाच्या खांबाकडे वळला. मी बायकांच्या घोळक्यात होते, मला तो कडेने दिसत होता. त्याने कवळी काढली, रुमालात गुंडाळली, खिशात ठेवली आणि परत वळून वाजवायला लागला.

सुरुवात खालून होती, ती बरी झाली. दुसरी ओळही आली, जरा घोगरी. तिसऱ्या ओळीला चाल वर जायची, तिथे त्याने ती खाली वळवली. तशी ती कधीच वळत नसे. मग सूर गेला आणि नुसता वारा आला. ट्रम्पेटमधून नुसता वारा येतो तेव्हा चुलीवर फुंकर घातल्यासारखा आवाज होतो. तो थांबला.

मग नवरीचा मामा पुढे आला, धिप्पाड माणूस, डोळे पुसत. त्याने माझ्या नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, “मास्तर, तुमालाबी लेकी असतीन. लय जीव लावून वाजिवलं. आमच्याआधी तुमचा गळा दाटला.” बायकांनी ते ऐकलं आणि मोठ्याने रडायला लागल्या. नवरीही मागे वळून त्याच्याकडे बघून रडली. त्याला नारळ दिला, टोपी घातली.

आम्हाला मूलबाळ नाही. त्याने मामाकडे बघून होकारार्थी मान हलवली आणि तोंड मिटून ठेवलं, दात नव्हते म्हणून.

परतताना टेम्पोत ढोलवाला म्हणाला, मास्तरांनी आज गाव रडवलं. कोणी हसलं नाही. त्यालाही नंतर वाटलं असावं, नसतो बोललो तर बरं झालं असतं.

आम्ही परत दवाखान्यात गेलो, या वेळी ट्रम्पेट घेऊन. डॉक्टरीणबाईंनी वाजवायला लावलं, आरशात दाखवलं कवळी कुठे उचलली जाते ते. हाडात पक्के दात बसवता येतात का, मी विचारलं. त्या म्हणाल्या, हाड झिजलंय, शुगर आहे, चावण्यापुरते टिकतीलही, पण या दाबाखाली टिकतील असं मी सांगणार नाही. खोटी आशा लावली नाही याबद्दल मी त्यांचे आभार मानले. नवऱ्याने मानले नाहीत.

मग तो परत नदीकाठी जायला लागला. कवळी घालून, कवळी काढून, माउथपीस उजवीकडे लावून, खालच्या ओठावर भार देऊन. तोंड सोलून निघायचं. मी हळद लावायची. खालचे सूर येत होते, वरचे येत नव्हते. लग्नं चालू होती आणि त्याच्या जागी भाऊ लाल कोटातच पुढे उभा राहून वाजवत होता. मालकांनी एवढे दिवस काही म्हटलं नाही, हे त्यांचं चांगलं.

शेवटी ते घरी आले. चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलले. मग म्हणाले की मास्तर, तुम्ही घरी बसलेलं मला बघवत नाही, दुसऱ्या रांगेत उभे राहा. त्यांनी डमी हा शब्द वापरला नाही. नुसतं म्हणाले, लोक तुम्हाला ओळखतात, तुम्ही दिसलात तरी बँडची शोभा आहे. माझ्या नवऱ्याने कप बशीत ठेवला. नंतर म्हणाला, येतो.

मला वाटलं होतं तो नाही म्हणेल. रात्रंदिवस पुतळ्यांची टिंगल केलेला माणूस. पण घरी बसण्यापेक्षा त्याला टेम्पोत बसणं बरं वाटलं असणार. त्या माणसाचे सगळे मित्र टेम्पोत होते.

पांढरा कोट भावासाठी मोठा करायचा होता. भाऊ छातीने रुंद आणि आतली शिवण मी आधीच एकदा सोडलेली. बगलेत पट्टी घालावी लागणार होती. भाऊ माझ्यासमोर उभा राहिला, मी टेप लावला आणि म्हटलं श्वास घे. घेईना. नवरा पलंगावर बसला होता. मी परत म्हटलं, अरे श्वास घे, नाहीतर बटण उडेल. तो तसाच, मान खाली.

“घे रे,” नवरा म्हणाला. “श्वास घ्यायला काय माझी परवानगी लागते?”

तेव्हा त्याने घेतला. मी माप लिहिलं.

एक गोष्ट अजून राहिली होती. डमीच्या वाद्यात चिंधी कोंबतात. माउथपीस काढायचा, नळीत चिंधी घालायची, वर माउथपीस लावायचा. मग कितीही फुंकलं तरी आवाज येत नाही. मालकाने भावाला सांगितलं, मास्तरांना तेवढं सांग, सवयीने कुठे फुंकतील. भावाने मला सांगितलं आणि निघून गेला. मी जेवताना विषय काढला. फिरवून बोलायची मला सवय नाही. म्हटलं, मालक म्हणतात चिंधी घालावी लागेल.

तो जेवत राहिला. भाकरी संपवली, ताटात पाणी घातलं.

“बरोबर आहे,” तो म्हणाला. “तो नियम मीच केलाय. एका पुतळ्याने पाठवणीत भोंगा वाजवला होता, तेव्हा.” मग म्हणाला, “काळी दे. लाल बाहेरून दिसते.”

मी अस्तराचं काळं कापड कापून दिलं. चिंधी त्याने स्वतःच घातली.

तो सीझन तो दुसऱ्या रांगेत चालला. सरळ चालला, उलटं चालायचं कारण नव्हतं. पूर्वी लग्न करून आला की ओठ सुजलेले असायचे, गरम काही पिता यायचं नाही, मी दूध गार करून ठेवायची. आता आल्या आल्या कडकडीत चहा प्यायचा. मला तो चहा करायला आवडत नसे, पण केला. तो काही तक्रार करत नव्हता. पुतळ्यांशी त्याचं चांगलं जमलं. गाल कसे फुगवायचे, बोटं कुठल्या ठेक्याला हलवायची, हे त्याने त्यांना शिकवलं. मालक म्हणाले, आमचे डमी आता नाशकात एक नंबर झाले. ते कौतुक होतं, त्यांच्या लेखी.

सीझनच्या शेवटाकडे देवळ्याचं लग्न होतं, कांद्याच्या व्यापाऱ्याकडचं. सगळ्या बँडला नवे कोट शिवले होते, म्हणून सुई-दोरा घेऊन मी टेम्पोबरोबर गेले. मोठं लग्न, कांद्याच्या खळ्यावर मांडव. पाठवणीला वाद्यं खाली झाली आणि भाऊ पुढे झाला. पांढऱ्या कोटात तो मला थोडा वेळ परकाच वाटला.

मी बाजूला उभी होते, तिथून दुसरी रांग सरळ दिसत होती. सगळ्यांची वाद्यं खाली होती. माझ्या नवऱ्याचा ट्रम्पेट ओठांवर होता. बोटं चालत होती. पहिली ओळ, दुसरी ओळ, भाऊ वाजवत होता आणि नवऱ्याची बोटं त्याच्याबरोबर बिनचूक पडत होती. काळी चिंधी आत होती, आवाजाचा प्रश्न नव्हता. पण पुढच्या खुर्च्यांवरचे दोन-तीन लोक कोण वाजवतंय म्हणून दोघांकडे आळीपाळीने बघायला लागले.

तिसऱ्या ओळीला चाल वर चढली. माझा नवरा तिथे सगळं बळ लावायचा, सूर तलवारीसारखा उभा राहायचा, त्यालाच लोक वाहवा करायचे. भाऊ वर गेला आणि त्याने आवाज बारीक केला. इतका बारीक की रडणाऱ्या बायका ऐकायला म्हणून थांबल्या. तिथे थांबायच्या ऐवजी तो एक लहानसं वळण घेऊन सावकाश खाली उतरला. मला गाण्यातलं फार कळत नाही. मला एवढं दिसलं की त्या वळणावर माझ्या नवऱ्याची बोटं थांबली. पुढे कुठे जायचं ते बोटांना माहीत नव्हतं. त्याने ट्रम्पेट खाली घेतला.

टेम्पोत मालक त्याला बोलले. मोठ्याने नाही, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. पाठवणीला एकच वाद्य वर असतं, मास्तर, तुम्हीच घालून दिलेली शिस्त. गिऱ्हाईक विचारत होतं की दोघं का. तो म्हणाला, चुकलं.

दुसऱ्या दिवशी सोमवार, काम नव्हतं. मी बटणं लावत होते, तो खिडकीशी बसला होता. म्हणाला, “तुझा भाऊ माझ्यापेक्षा चांगला वाजवतो.”

मी सुईकडे बघत होते. तो परत म्हणाला, “विचारतोय मी.”

“हो,” मी म्हणाले.

खोटं बोलून काय करणार, त्याला कान होते. तीस वर्षं त्याने त्या कानांवर पोट भरलं होतं. मी नाही म्हटलं असतं तर त्याने मला वेड्यात काढलं असतं. माझ्यावर रागावला नाही. थोड्या वेळाने उठला, भावाला फोन लावला आणि म्हणाला, ये घरी, ट्रम्पेट घेऊन जा. तुझा फुटका आहे.

भाऊ आला. त्याने नको नको केलं नाही, हे मला आवडलं. माझ्या नवऱ्याचा ट्रम्पेट खरंच चांगला होता, चुलत्यांकडून आलेला, आणि भावाच्या ट्रम्पेटला दोन ठिकाणी डाख दिलेला होता. घेताना त्याला आनंद झाला असेल तर तो त्याने दाखवला नाही.

पण चिंधी निघेना. सीझनभराच्या ओलाव्याने ती आत चिकटून बसली होती. नवऱ्याने काडीने ओढून बघितली, ती आणखी आत गेली. मी क्रोशाची सुई आणली. त्याने ट्रम्पेट दोन्ही मांड्यांत धरला, भावाने मोबाइलचा उजेड पाडला आणि मी सुई घालून एकेक धागा बाहेर काढला. बराच वेळ लागला. कापड हिरवट पडलं होतं. मी ते कचऱ्यात टाकलं, हात धुतले.

भावाने नळी पाण्याने धुऊन घेतली, माउथपीस लावला आणि विचारलं, वाजवून बघू का. नवरा म्हणाला, भिंतीकडे तोंड कर, शेजारचं बाळ झोपलंय. भावाने भिंतीकडे तोंड करून हलक्या आवाजात पाठवणीची तिसरी ओळ वाजवली. ते वळण आलं तसा नवरा म्हणाला, थांब. परत वाजव. त्याने परत वाजवलं.

“हे कधी बसवलंस?”

भाऊ भिंतीकडेच बघत होता. “लय वर्षं झाली, दाजी.”

“कुठे वाजवायचास? मी तर कधी ऐकलं नाही.”

“वाजवत नव्हतो. तुम्ही पाठवणी वाजवायचे तेव्हा मी मागं ट्रम्पेट खाली धरून बोटं चालवायचो.”

“मला दिसलं नाही रे कधी,” नवरा म्हणाला.

“तुम्ही पुढं होते ना.”

भावाने ट्रम्पेट पेटीत ठेवला आणि मी चहा टाकला. पुढच्या सीझनपासून माझा नवरा टेम्पोत बसला नाही. त्याचा लाल कोट मी उसवून दुसऱ्याच्या मापाचा केला.